पॅसेजमधले पाच काळे ठिपके

"ताई, आम्ही मूळचे सांगलीचे. सतरा वर्षं झाली, दक्षिण जर्मनीत ट्राउनश्टाइनजवळ राहतो. मुलगी इथेच जन्मली, आता पंधरा वर्षांची आहे. आठव्या वर्षी मैत्रिणीच्या मागे मागे स्की क्लबात गेली आणि बायथलॉनमध्ये, म्हणजे स्की आणि नेमबाजीच्या जोडखेळात, रमली. आता प्रशिक्षक म्हणतात, सप्टेंबरपासून तिला बेर्क्टेसगाडेनच्या क्रीडा-निवासी शाळेत घाला, पोरीत दम आहे. हे म्हणतात, इतके चांगले मार्क पडतायत, ते सोडून जन्मभर बर्फात गोळ्या झाडणार का? सासूबाई फोनवर विचारतात, 'पोरीच्या पाठीवर बंदूक कशाला गं?' मी मधल्यामध्ये. यात पोट भरतं का? तिशीनंतर काय? आणि बायथलॉनची ऑलिंपिक विजेती लॉरा डालमायर अपघातात गेली तेव्हापासून माझ्या मनात भीती बसलीय, तिचंच पोस्टर आहे मुलीच्या खोलीत. मला खोटा धीर नको.

ता. क. रोज संध्याकाळी ती रिकामी रायफल घेऊन पॅसेजमध्ये उभी असते. समोरच्या भिंतीवर पाच काळे ठिपके चिकटवलेत. मी ताटं घेऊन निघाले की ओरडते, 'आई, थांब!' जेवणं गार होतात."

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ता. क. पाशी अडकले. गार जेवणाची तक्रार म्हणून तुम्ही ते लिहिलंत, पण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

हा खेळ टीव्हीवर पाहणाऱ्याला शर्यत दिसते. खेळणाऱ्याच्या आयुष्यात शर्यती म्हणजे हिवाळ्यातले मोजके दिवस. वरच्या पातळीवरचे खेळाडू वर्षाला सातशे ते नऊशे तास सराव करतात. त्यातला बराचसा उन्हाळ्यात, डांबरी रस्त्यावर चाकांच्या स्कीवर, घामाघूम होऊन. आणि त्याशिवाय हे, तुमच्या पॅसेजमधलं. रिकामी रायफल खांद्याला लावायची, श्वास थोडा सोडून धरायचा, नेम, चाप, टक्. बोल्ट मागे-पुढे, दुसरा ठिपका, टक्. गोळी नाही, आवाज नाही, टाळ्या नाहीत. स्कीवर कोण किती पळालं ते प्रशिक्षकाला घड्याळ सांगतं. पॅसेजमध्ये कोण किती वेळ उभं राहिलं हे फक्त आईला कळतं. तिला कुणी न सांगता ती रोज उभी राहत असेल, तर प्रशिक्षकांच्या "दम आहे" पेक्षा मला तुमची तक्रार जास्त भरवशाची वाटते. शर्यत आवडणारी पोरं पुष्कळ असतात. हा टक्-टक् कंटाळा आवडणारी थोडी.

आता सासूबाईंचं. त्यांना सांगा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला ब्राँझ पदक आणलं ना, तीच ही नेमबाजी. पन्नास मीटरच अंतर, पॉइंट टू टू बोअरचीच गोळी. फरक एवढाच की कुसाळे एका जागी शांतपणे, नाडी खाली आणून नेम धरतो. त्याचं दहाचं वर्तुळ जेमतेम एक सेंटिमीटरचं. तुमची नात साडेतीन किलोची रायफल पाठीवर घेऊन डोंगर चढून येते, छाती भात्यासारखी चालू असते आणि त्या अवस्थेत तिने नेम धरायचा. म्हणून तिचं लक्ष्य जरा मोठं. पालथं पडून मारायचं तेव्हा साडेचार सेंटिमीटर, म्हणजे पेढ्याएवढं. उभ्याने मारायचं तेव्हा साडेअकरा, म्हणजे पुरीएवढं. पन्नास मीटरवरून पेढा. एकदा मिरजेच्या प्लॅटफॉर्मवर पन्नास मीटर मोजून उभं राहायला सांगा त्यांना, म्हणजे बंदुकीची भीती जाऊन नातीचं कौतुकच वाटायला लागेल.

मी स्वतः स्कीवर दोनदा उभी राहिले आणि दोन्ही वेळा बसले, तेव्हा खेळाडू म्हणून सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पण म्युनिकमधल्या माझ्या वर्षांत एका जानेवारीत तुमच्या शेजारच्या रूपोल्डिंगला शर्यत पाहायला गेले होते. नेमबाजीच्या जागेसमोर हजारो माणसं. खेळाडू येते, काठ्या टाकते, रायफल उतरवते, नळीच्या टोकावरचं बर्फ अडवणारं झाकण उघडते. पहिली गोळी, काळी चकती पांढरी होते आणि अख्खा स्टँड एका सुरात "हे!" करतो. दुसरी, "हे!" तिसरी, "हे!" चौथ्या वेळी वाऱ्याची छोटी निशाणं एकदम दुसऱ्या बाजूला वळली. ती थांबली. रायफल खांद्यावरच, बोट चापावरून काढलं, दोन श्वास घेतले. तेवढ्यात शेजारची निघूनही गेली. मारली, हुकली. हजारो माणसांनी एकदम उसासा टाकला, तो आवाज मी अजून विसरलेले नाही. पाचवी मात्र तिने सरळ घातली. मग रायफल पाठीवर आणि दंडाची दीडशे मीटरची फेरी, एका चुकीला एक. वीस-पंचवीस सेकंद जातात त्यात. वीस किंवा पंधरा किलोमीटरच्या मोठ्या वैयक्तिक शर्यतीत तर फेरी नसते, सरळ एक मिनिट वेळेत वाढतं.

हे सगळं सांगायचं कारण, या धंद्यात माणूस रोज चुकतो आणि रोज सगळ्यांसमोर चुकतो. चौथी हुकल्यावर पाचवी मारता येणं हेच यातलं कसब. जर्मनीची माग्दालेना नॉयनर स्कीवर वाऱ्यासारखी पळायची आणि उभ्याने मारताना भल्याभल्या शर्यती घालवायची, तरी विश्व अजिंक्यपदाची बारा सुवर्णपदकं तिच्या नावावर आहेत.

आता पोटाचा प्रश्न. तुम्ही खरं सांगा म्हणालात म्हणून सांगते, बक्षिसांवर पोट भरणारे बायथलीट जगात बोटांवर मोजण्याइतके. विश्वचषक मालिकेतली एक शर्यत जिंकली तर साधारण 15,000 युरो मिळतात, मग आकडा भराभर खाली येतो. शर्यतीत शंभराच्या आसपास खेळाडू उतरतात. त्यात जर्मनीच्या मुली पाच-सहा. त्या पाच-सहांत येण्यासाठी विश्वचषकाच्या खालच्या आयबीयू कप मालिकेत आणि ज्युनिअर स्पर्धांत डझनावारी मुली रांगेत. शिवाय स्कीच्या जोड्या, त्यांचं वॅक्स, काही हजार युरोंची रायफल, दर उन्हाळ्यात सराव शिबिरं. बक्षिसाचा हिशेब मांडलात तर यजमानांचं म्हणणं खरं ठरेल.

पण जर्मनीत हा हिशेब तसा चालत नाही, आणि हे मराठी माणसाला समजायला अजिबात अवघड नाही. कुसाळे पदक घेऊन आला तेव्हा कोण होता? मध्य रेल्वेतला तिकीट तपासनीस. आपल्याकडे रेल्वे आणि पोलीस खातं कुस्तीगीर, कबड्डीपटू, नेमबाज पोसतं, तसंच जर्मनीत सीमाशुल्क खातं, म्हणजे तुमच्या तिकडचं त्सोल, केंद्रीय पोलीस आणि सैन्य हे तिघं मिळून हिवाळी खेळ पोसतात. डालमायर आणि नॉयनर दोघी त्सोलच्या. केंद्रीय पोलिसांची क्रीडाशाळा बाड एंडॉर्फला, तुमच्या घरापासून गाडीने फार तर अर्ध्या-पाऊण तासावर. तिथले खेळाडू वर्षातले काही महिने पोलिसी शिक्षण घेतात, उरलेला काळ खेळतात, महिन्याला पगार येतो. खेळ संपला की वर्दी घालून कामावर. सैन्यातली जागा मुदतीची असते, ती पुन्हा पुन्हा वाढवून घ्यावी लागते. त्सोल आणि पोलिसांत पुढे कायमची नोकरी असते. तिघांतला हा फरक नीट लक्षात ठेवा, प्रशिक्षक तो सांगतीलच असं नाही, त्यांचं लक्ष स्टॉपवॉचवर असतं.

तुमची "तिशीनंतर काय" ही काळजी त्यामुळे चुकीच्या वयावर बसलीय. जी मुलगी राष्ट्रीय पातळीच्या काडरमध्ये, म्हणजे निवडक खेळाडूंच्या गटात, शिरून त्सोल किंवा पोलिसांत लागली, तिचं तिशीनंतरचं ठरलेलं आहे. ज्या मुली अठरा ते एकवीसच्या दरम्यान काडरमधून गळतात, त्यांचं काय? दहा वर्षं घातलेली असतात, हातात पगार नाही आणि शाळाही कशीबशी उरकलेली. खरी धास्ती घ्यायची तर त्या वयाची घ्या. तिथे तिच्या हातात चांगलं आबिटूर, म्हणजे तिकडची बारावी, असलं पाहिजे.

आणि एक गोष्ट जिच्याबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षर नाही. तिचा पासपोर्ट कोणता? तुम्ही तिच्या जन्माच्या वेळी किती वर्षं कायदेशीर राहत होतात आणि कोणत्या परवान्यावर, त्यावर तिला जन्माने जर्मन नागरिकत्व मिळालं की नाही हे ठरलेलं आहे. सतरा वर्षं आणि मुलगी पंधराची, म्हणजे बहुधा नसावं. जर्मनीकडून जागतिक स्पर्धेत उतरायला ते लागतं, जर्मन सैन्यात शिरायला ते लागतंच लागतं. जर्मनीने 2024 च्या जूनपासून दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली, पण आपल्या कायद्याला ते चालत नाही. तिकडचं घेतलं की भारतीय पासपोर्ट परत करायचा आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड काढायचं. माझ्या ओळखीच्या घरांत या विषयावर जेवणाच्या टेबलावर मोठमोठे वाद झालेत, आजी-आजोबांना ते फार लागतं. म्हणून आत्ताच बोलून घ्या. निवड झाल्यावर कागद शोधत बसलात तर एखादा मोसम त्यातच जाईल.

खेळ किती वर्षं चालतो, याला मात्र काही नियम नाही. नॉर्वेचा ओले आयनार ब्योर्नडालेन 44 व्या वर्षापर्यंत खेळला, ऑलिंपिकची आठ सुवर्णपदकं त्याच्या नावावर. त्याच्याच देशाचा योहानेस थिंग्नेस बो 2025 मध्ये 31 व्या वर्षी थांबला, अजून जिंकत असताना, घरी बायकोमुलांत राहायचंय म्हणून. नॉयनर आणि डालमायर दोघी 25 व्या वर्षी थांबल्या. उलट जर्मनीचीच डेनिझे हेरमान आधी नुसती स्कीपटू होती, सत्ताविशीत तिने रायफल हातात घेतली आणि 2022 मध्ये बीजिंगला सुवर्ण जिंकलं. फ्रान्झिस्का प्रॉइसची गोष्ट तर तुमच्या लेकीला पाठ असेल. मोसमांमागून मोसम आजारपणात गेले, सायनसचं ऑपरेशन झालं, आणि 31 व्या वर्षी, 2025 च्या मार्चमध्ये, ऑस्लोच्या होल्मेनकोलेनला मोसमाच्या अगदी शेवटच्या शर्यतीत तिने विश्वचषकाचं एकूण विजेतेपद मिळवलं. फ्रान्सची लू जाँमोनो तिच्या बरोबरीने शेवटच्या वळणापर्यंत आली आणि तिथे पडली. नऊशे तासांचा सराव आणि निकाल एका वळणावर. मी ती शर्यत पाहताना हातातला चहा सांडला होता.

आता डालमायर. तुमची भीती मी समजू शकते, 2025 च्या जुलैत त्या बातमीनंतर मीही रात्री जागी होते. पण ती बायथलॉनने गेली नाही. बायथलॉन तिने सहा वर्षांपूर्वीच सोडलं होतं. ती गिर्यारोहक होती, प्रशिक्षित पर्वत-मार्गदर्शक होती, काराकोरममधल्या लैला शिखरावर दरड कोसळून 31 व्या वर्षी गेली. तिने आधीच लिहून ठेवलं होतं की आपला देह आणण्यासाठी कुणी जीव धोक्यात घालू नये, आणि तो तिथेच राहिला. तुमच्या लेकीच्या खोलीतलं ते पोस्टर काढू नका. पण एकदा तिच्याजवळ बसा आणि विचारा, तुला तिचं काय आवडायचं? प्याँगचँगची दोन सुवर्णपदकं, की पंचविशीत सगळं सोडून मनासारखं जगायला गेली ते? काय उत्तर येईल ते मला माहीत नाही. जे येईल ते ऐकून घ्या, लगेच "पण बाळा" म्हणू नका.

पाळीचं मुद्दाम लिहितेय, कारण यजमानांसमोर कुणी हे काढणार नाही. सहनशक्तीच्या खेळांत मुली कमी खाऊ लागतात, कधी हलकं राहण्यासाठी, कधी सराव इतका असतो की खाल्लेलं पुरत नाही म्हणून. मग पाळी चुकते, हाडं ठिसूळ होतात, पायाच्या हाडाला बारीक चीर पडते. पंधराव्या वर्षी पाळी थांबली तर "खेळाडूंचं असंच असतं" असं कुणीही म्हणालं, अगदी प्रशिक्षक म्हणाले तरी, ऐकू नका, क्रीडावैद्याकडे न्या. निवासी शाळेत ती तुमच्या नजरेआड असेल, म्हणून जाण्याआधी तिच्याशी याचं मोकळं बोलणं झालेलं असू दे. आणि डब्यातून लाडू पाठवत जा, शेंगदाण्याचे, तूप सढळ हाताने. यात मला कुठल्याही शास्त्रज्ञाची संमती नको.

रायफलीबद्दल एकच. अठरा वर्षांच्या आत ती तिच्या नावावर असू शकत नाही, क्लबच्या किंवा पालकाच्या परवान्यावर असते, आणि घरी असेल तर मान्यताप्राप्त कुलूपबंद तिजोरीत. किल्ली कुणाकडे असते? ज्याच्या नावावर परवाना आहे त्याच्याकडेच ती असू दे, स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर नको.

मग पाठवायचं की नाही? मी असते तर पाठवलं असतं. बेर्क्टेसगाडेन घरापासून तासाभरावर आहे, काही आसामला निघाली नाही ती. यजमानांना मात्र "पोरीचं स्वप्न" वगैरे सांगू नका, त्यांना ते पटायचं नाही आणि त्यांचंही चुकत नाही. सांगलीहून शिक्षणाच्या जोरावर तिकडे पोचलेल्या माणसाला मार्क सोडून दुसऱ्या कशावर विश्वास ठेवायला वेळ लागतो. त्यांना शाळा दाखवायला न्या. वर्गशिक्षकांशी बोलू द्या. अशा काही शाळांत आबिटूरचा अभ्यास एक वर्ष लांबवून देतात, सराव आणि परीक्षा एकमेकांवर आदळू नयेत म्हणून. इथे तशी सोय आहे का, आणि गेल्या काही वर्षांत जी मुलं मध्येच काडरमधून गळली त्यांनी पुढे काय केलं, हे दोन प्रश्न त्यांनाच विचारू द्या. दुसऱ्या प्रश्नावर समोरचा गडबडला तर माझं मत मी मागे घेईन. जिंकलेल्यांचे फोटो सगळ्याच शाळांच्या भिंतीवर असतात.

आणि मुदत ठरवा, पण तिच्यासोबत बसून, तिच्यावर लादून नव्हे. माझ्या मते एकोणीस पूर्ण होईपर्यंत. तोवर काडर मिळाला तर त्सोल किंवा पोलीस. नाही मिळाला तर आबिटूर आहेच आणि ती हवं ते शिकेल. हे कागदावर लिहायची गरज नाही, तिघांनी एकदा स्पष्ट बोललेलं पुरे.

सप्टेंबरला अजून वेळ आहे. तोवर पॅसेजमध्ये ती "थांब" म्हणाली की ताटं हातात घेऊन थांबा. उभ्याने पाच गोळ्यांना अर्ध्या मिनिटाच्या वर लागत नाही, तेवढ्यात आमटी गार होत नाही.